शिडाच्या होडीवरचं मराठी

दसऱ्याला आमच्या अनुयाने आबासाहेबांच्या हातात आपट्याची पानं ठेवली आणि म्हणाली, "दादाजी, ये पत्ते आप रख लीजिए, मेरे पास और हैं."

आबासाहेब म्हणजे माझे वडील. त्यांनी पानं घेतली, नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. दिवाळीपर्यंत ते माझ्याकडे तसंच पाहत होते.

आमचं घराणं झाशीत आलं ते पेशवाईत, कारभार पाहायला. कारभार केव्हाच गेला, पण मराठी राहिली. निदान आबासाहेब जागे असतात तोवर घरात तीच चालते. अनुया पाच वर्षांची. तिला मराठी सगळी कळते. 'पसारा आवर' म्हटलं की ती बरोबर उठून दुसऱ्या खोलीत जाते. बोलायची वेळ आली की मात्र हिंदी. मला ती पापा म्हणते. 'बाबा म्हण' असं सांगितलं की म्हणते, "ठीक है पापा."

समोरच्या मृदुलावहिनींना हे फार लागतं. त्यांचे यजमान रेल्वेत, बदली होऊन भुसावळहून आलेले. त्यामुळे वहिनींचं मराठी थेट महाराष्ट्रातलं, ताजं. आमचं पिढ्यान् पिढ्या इथल्या हवेत ठेवलेलं. "तुमच्याकडे अजून गंगाळ म्हणतात?" असं त्या हसून विचारतात, तेव्हा आपण एखाद्या संग्रहालयात राहतो असं मला वाटू लागतं. त्याच म्हणाल्या, "भाषा वातावरणातून येते, भाऊजी. तिला वातावरण द्या."

आता झाशीत मराठी वातावरण मी आणू कुठून? दारात हिंदी, गल्लीच्या टोकाला बुंदेली. या विवंचनेत असताना मला मोबाइलवर एक कुटुंब दिसलं. कुठल्याशा थंड देशातलं जोडपं आपल्या लहान मुलीला घेऊन शिडाच्या होडीवर राहत होतं. तिथेच स्वयंपाक, तिथेच अभ्यास, तिथेच कपडे वाळत घातलेले. लोकांना त्यात निळा समुद्र दिसत असेल, बेटं दिसत असतील. मला एवढंच दिसलं की त्या मुलीशी बोलायला आईबापांशिवाय दूरदूरवर कोणी नाही.

झाशीला समुद्र नाही हे मला माहीत होतं. दीप्तीने ते मला पुन्हा सांगितलं. दीप्ती माझी बायको, शाळेत गणित शिकवते. पण बेतवेवर आमच्या आसपास धरणं आहेत आणि धरणामागे पाणी आहे. कुठलं धरण ते मी सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला विसरावं अशी माझी इच्छा आहे.

होडीही मिळाली. मी विम्याच्या कार्यालयात काम करतो, सदर बाजारच्या बाजूला. तिथे छावणीतले एक निवृत्त कर्नलसाहेब गाडीच्या विम्यासाठी येतात. त्यांची शिडाची होडी त्या जलाशयावर कित्येक महिने नुसती उभी होती. छोटीशी खोली, दोन फळ्या झोपायला, वर एक पांढरं शीड. गुडघ्यांमुळे त्यांना आता तीत चढवत नव्हतं. माझा बेत ऐकून त्यांचे डोळे भरून आले. काही रविवार त्यांनी किनाऱ्यावर खुर्ची टाकून, ओरडून ओरडून मला शीड चालवायला शिकवलं. वारा कुठून येतो हे ओळखायला शिकवलं. तो येतच नसेल तर काय करायचं ते शिकवण्याआधी त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली.

दीप्तीने माझं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत आपण तिघं पाण्यावर राहू, एका काठावरून दुसऱ्या काठावर जाऊ, मराठीशिवाय एक शब्द बोलणार नाही, वगैरे. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"संडास कुठे?"

"किनाऱ्यावर," मी म्हणालो.

"आणि किनारा कुठे?"

गणितवाल्यांची ही एक वाईट सवय असते.

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरचे दुबेजी वर आले. "नीलकंठजी, बच्ची को पानी पे रखोगे? उससे अच्छा खजुराहो घूम आओ." मी म्हटलं, खजुराहोत मराठी कोण बोलतं. ते म्हणाले, पानी में कौन बोलता है. जाताना त्यांनी त्यांच्या गावाकडची ट्रॅक्टरची जुनी ट्यूब देऊ केली, आपत्तीत उपयोगी पडेल म्हणून, आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखर आणून दिली. आपत्तीआधी मात्र ती आमच्या जिन्यात अडकली आणि काही काळ वरच्यांना खाली व खालच्यांना वर जाता येईना. मृदुलावहिनी वरून शुद्ध मराठीत चौकशी करत होत्या आणि खालून लोक अशुद्ध हिंदीत.

यानंतर परवानगी. जलाशयाच्या कार्यालयातले बाबू सज्जन होते, आणि सज्जन बाबूंची काय अडचण असते ती मला तिथे कळली. खडूस बाबू 'नाही' म्हणतो आणि आपण घरी जातो. सज्जन बाबू आपल्याबरोबर मार्ग शोधत बसतो.

"दिन में नाव चलाओ तो जलविहार है," ते म्हणाले. "उसमें कोई दिक्कत नहीं. रात रुके तो निवास हो गया. निवास का पता क्या लिखें?"

मी म्हटलं, जलाशय लिहा.

"जलाशय तो पूरा है साहब. उसमें कहाँ?"

मी म्हटलं, वारा नेईल तिथे. त्यांनी लेखणी खाली ठेवली. वारा पलीकडच्या काठाला नेईल तर तो काठ मध्य प्रदेशात, तिथला निवास ते कसा मंजूर करणार? यावर दोघांनी चहा घेतला. मग मासेमारीच्या ठेकेदाराची हरकत नाही असं लिहून आणावं लागलं. ठेकेदाराची हरकत नव्हतीच. शिडाची होडी म्हणजे काय ते कळल्यावर त्याला हसूच आलं. शेवटी बाबूंनी परवानगी दिली, आणि देताना अतिशय प्रेमाने एक अट घातली. लहान मूल आहे, तेव्हा इथला एक मल्लाह, म्हणजे नावाडी, सतत होडीवर असला पाहिजे.

"सतत म्हणजे?"

"चौबीस घंटे. आपकी सुरक्षा के लिए."

अशा रीतीने, मराठीशिवाय कोणीही नसलेल्या माझ्या त्या पाण्यावर हरप्रसाद रैकवार आले.

हरप्रसाद पन्नाशीचे, सडपातळ, गळ्यात लाल गमछा. जन्म वल्हवण्यात गेलेला. शिडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. होडीत पाय ठेवताच त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "जो परदा काए के लाने लगाओ है?" मी त्यांना वाऱ्याचं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकलं, सावलीत अंग टाकलं आणि अनुयाकडे वळून म्हणाले, "काए बिन्नू, तुमाओ नाव का है?"

अनुयाने नाव सांगितलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं, पण मी शिडाचे दोर सोडवत होतो.

पहिल्या सकाळी मी शिस्तीने सुरुवात केली. अनुयाला तिच्या फुगीर जाकिटात घातलं, जाकीट दोरीने डोलकाठीला बांधलं आणि धडा सुरू केला. "ही डोलकाठी. हे शीड. हे सुकाणू. हा नांगर." हे शब्द मी स्वतः दसऱ्यानंतर पाठ केले होते. आबासाहेबांनी मला त्यात तोंडी परीक्षेला बसवलं होतं.

"ये?" अनुयाने वल्ह्याकडे बोट दाखवलं.

"वल्हं."

"वल..."

"वल्हं. ल ला ह."

"चप्पू है बिन्नू," हरप्रसाद सावलीतून म्हणाले. "और जो लंगर, जो पतवार. सूदे नाव हैं."

चप्पू, लंगर, पतवार. मुलीने तीनही सरळ नावं एका दमात म्हणून दाखवली. मी हरप्रसादांना बाजूला घेतलं. म्हणजे त्या होडीत जेवढं बाजूला घेता येतं तेवढं, एकमेकांच्या गुडघ्यांपर्यंत. सांगितलं की भैया, इथे आपण फक्त मराठी बोलतो आहोत, मुलीसाठी. त्यांनी मान हलवली. "हओ. हम तौ बोलतई नईंयाँ." आपण तर बोलतच नाही म्हणाले, आणि मग संध्याकाळपर्यंत बोलत राहिले. मगरीची गोष्ट सांगितली, त्यांच्या बुडालेल्या म्हशीची सांगितली, एका साधूची सांगितली जो पाण्याखाली राहून तंबाखू ओढायचा. अनुया त्यांच्या पायाशी बसून ऐकत होती. मी आणलेलं मराठी गोष्टींचं पुस्तक तिने सोललेल्या शेंगांच्या टरफलांसाठी घेतलं होतं.

वारा मात्र नव्हता. सकाळी जरा झुळूक यायची, आम्हाला काठापासून दूर नेऊन सोडायची आणि निघून जायची. मग ते पांढरं शीड मानगूट धरलेल्या माणसासारखं लोंबत राहायचं, आणि आम्ही भर उन्हात जलाशयाच्या मधोमध. दीप्ती मग काठाकडे पाहायची, मग माझ्याकडे. तिचा तो एकच प्रश्न तिने पुन्हा तोंडाने विचारला नाही, हा तिचा मोठेपणा. अशा वेळी हरप्रसाद उठत, वल्ही घेत आणि आम्हाला काठाला लावत. शिडाबद्दल ते चकार शब्द काढत नसत. फक्त अनुया म्हणायची, "पापा का परदा फेल हो गओ, कक्का."

हो, तोपर्यंत ते कक्का झाले होते.

पाण्यावरचा संसार म्हणजे काय, ते त्या परदेशी जोडप्याने नीट दाखवलं नव्हतं. त्यांच्या होडीतून वस्तू पडत नसाव्यात. आमच्या पडायच्या. अनुयाची बाहुली पडली, एक चप्पल पडली, जोडीला दुसरी तिने मुद्दाम टाकली. पोह्यांचं पातेलं शेगडीवरून घसरलं आणि पोहे माशांनी खाल्ले. धुतलेले कपडे आम्ही शिडाखालच्या आडव्या दांड्यावर वाळत घालायचो. मग अचानक वारा आला की तो दांडा सर्रकन् फिरायचा. एकदा तो माझ्या कपाळावर बसला आणि अनुयाचा ओला फ्रॉक माझ्या तोंडावर. मला काही दिसेना. त्या अंधारात मला दीप्तीचा आवाज ऐकू आला. ती हसत होती. दिवाळीनंतर प्रथमच हसत होती, म्हणून मी फ्रॉक लगेच काढला नाही.

तिचंही आता हरप्रसादांशी जमलं होतं. ती ग्वाल्हेरची, तिकडची बोली आणि इकडची शेजारशेजारच्या. सकाळी दोघं मासे साफ करत गप्पा मारत. मी मराठीत काही विचारलं की होडीवर क्षणभर शांतता पसरायची, वर्गात मुख्याध्यापक आल्यावर पसरते तशी.

मग तो प्रकार झाला.

दुपार होती. आम्ही एका खाडीसारख्या जागेत नांगर टाकून होतो. वारा आला, चांगला, भरघोस, कर्नलसाहेबांनी सांगितला होता तसा. मी उठलो. आज मी या सगळ्यांना शीड म्हणजे काय ते दाखवणार होतो. पण नांगर निघेना. पाण्याखाली जुन्या बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, त्यात अडकला असावा. हरप्रसाद म्हणाले, "तनक ठैरो, हम देख लेत." मी ठरवलं होतं की आज ठैरायचं नाही. माझं जाकीट दांड्याला अडकत होतं म्हणून ते काढून ठेवलं, पुढच्या टोकाला जाऊन दोर दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग मागे टाकून ओढलं. नांगर सुटला. दोर ढिला पडला. मी उलटा पाण्यात गेलो.

मला पोहता येतं. म्हणजे लहानपणी येत होतं, आणि ते विसरत नाही असं म्हणतात. कपड्यांसकट, पायाला पाणवेल गुंडाळलेली असताना ते येतं की नाही, याबद्दल कोणी काही म्हणत नाही. मी वर आलो तेव्हा होडी माझ्यापासून सरकत चालली होती. शिडात वारा भरला होता. माझा सगळा अभ्यास त्या क्षणी सफल होऊन मला सोडून निघाला होता. पायातली वेल खाली ओढत होती. मी गटांगळी खाल्ली, पुन्हा वर आलो आणि ओरडलो, "वल्हं पुढे करा, वल्हं. सुकाणू फिरवा."

एरवी कार्यालयात, बाजारात, रस्त्यावर मी हिंदीच बोलतो. स्वप्नंही मला बहुधा हिंदीत पडतात. पण बुडताना तोंडातून मराठीच आली, आणि तीसुद्धा पाठ केलेली.

हरप्रसाद होडीच्या कडेला वाकून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मदत करण्याची पराकाष्ठेची इच्छा होती आणि अर्थबोध काहीच नव्हता. "का माँग रये जे?" त्यांनी विचारलं.

आणि मला अनुयाचा आवाज आला, स्वच्छ, जरासुद्धा न घाबरलेला. "चप्पू माँग रये, कक्का. और कै रये पतवार घुमा दो."

दीप्तीने सुकाणू फिरवलं. हरप्रसादांनी वल्हं लांबवलं. मी ते धरलं आणि त्यांनी मला माशासारखं वर ओढून घेतलं. दुबेजींची ट्यूब तोवर कोणीतरी टाकलीही होती. ती एकटीच मध्य प्रदेशाकडे निघून गेली.

मी होडीच्या तळाशी बसून राहिलो. अनुया जवळ आली, तिने तिचा टॉवेल माझ्या डोक्यावर टाकला आणि माझा कान धरून बसली. लहान असताना झोप यायला लागली की ती असाच कान धरायची. मला काय झालं कोण जाणे. मला रडू आलं, आणि ते लवकर थांबलं नाही. मग मी दीप्तीला म्हणालो, "पाणी गेलंय डोळ्यांत." दीप्ती म्हणाली, "हो." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर शीड उतरवण्यात आलं. ठराव कोणी मांडला नाही, विरोध कोणी केला नाही. परतीला ठेकेदाराच्या मोटरबोटीने आम्हाला दोर बांधून ओढत नेलं. काठावर ते सज्जन बाबू उभे होते. त्यांनी प्रेमाने विचारलं, "जलविहार ठीक रहा?" मी टॉवेल डोक्यावरून आणखी पुढे ओढला.

अनुया हरप्रसादांच्या गळ्यात पडून रडली. तिला उचलून ऑटोत घालावं लागलं.

घरी आलो तर मृदुलावहिनी बसलेल्या. आबासाहेबांना फराळाचं द्यायला आल्या होत्या, आणि अर्थातच निकाल ऐकायला. आबासाहेब आरामखुर्चीत ताठ बसले. मी पायऱ्या चढत असतानाच मनात भाषण जुळवत होतो, की प्रगती हळूहळू होत असते, पाया घातला गेला आहे. तेवढ्यात अनुया माझ्या बाजूने पळत आत गेली, आबासाहेबांच्या गुडघ्यावर चढली आणि सुरू झाली.

"बब्बा, उतै भौत बड़ो पानी हतो. हमने मच्छी पकरी. कक्का की भैंस डूब गई ती, बिचारी. पापा को परदा फेल हो गओ."

एक हिंदी शब्द नाही. अस्सल, ठसठशीत बुंदेली. मृदुलावहिनींनी चकली बशीत परत ठेवली. मला वाटलं, अडीचशे वर्षं जे घर टिकलं ते माझ्या हातून आज पडलं. मी आबासाहेबांकडे पाहायचं धाडस केलं नाही; जमिनीकडे पाहिलं.

"काए बिन्नू," आबासाहेब म्हणाले, "भैंस कैसें डूब गई?"

मी वर पाहिलं. आबासाहेब पुढे वाकले होते. त्यांचा तो ताठ कणा कुठे गेला होता कोण जाणे. अनुयाने म्हशीची हकिगत सांगितली. आबासाहेबांनी तिला त्यांच्या लहानपणीची एक म्हैस सांगितली, तीही बुडालेली. दोघं हसले. माझे वडील इतके मोठ्याने हसतात हे मला ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर त्यांच्यासमोर एकेक शब्द तोलून बोललो होतो.

"आबा," मी म्हणालो, "तुम्हाला ही भाषा येते?"

"न यायला काय झालं? गल्लीत खेळत होतो आम्ही. घरात मराठी, दाराबाहेर ही. तुला कधी खेळायला वेळच नव्हता, तू पाठांतर करायचास." मग त्यांना आपल्या कर्तव्याची आठवण झाली असावी. ते सावरून बसले आणि अनुयाला आपल्या नेहमीच्या, परीक्षेच्या मराठीत विचारलं, "बरं, आणि हे सगळं होत असताना तुझे बाबा काय करत होते?"

अनुया थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलवून आत काहीतरी जुळवलं. दीप्ती बॅग घेऊन दारातून आत येत होती, तीही थांबली.

"बाबा पाण्यात पडले," अनुया म्हणाली, हळूहळू, एकेक शब्द ठेवत. "मग ते खूप रडले. मी त्यांचा कान धरला होता."

आबासाहेबांनी डोळे मिटून ती वाक्यं पुन्हा एकदा मनाशी म्हणून पाहिली. मृदुलावहिनी म्हणाल्या, "शुद्ध आहे हो. क्रियापदंसुद्धा बरोबर."

"निर्दोष," आबासाहेब म्हणाले.

आमच्या अनुयाने आयुष्यात प्रथमच सलग मराठी बोलून दाखवलं होतं, आणि त्यातल्या रडण्याचा कर्ता मी होतो.